गोरेवाडीचा खानसामा

सकाळी साडेनऊला आम्ही बावीस माणसं शंभर वर्षं मागं जायचो आणि संध्याकाळी साडेपाचला परत यायचो. वाटेत हजेरीचं मशीन होतं. त्यावर अंगठा टेकवला की ते इंग्रजीत आभार मानायचं. त्याच्या पुढं विजेचा दिवा नाही, प्लास्टिक नाही, मोबाइल नाही.

केडगाव आणि दौंडच्या मधे, रेल्वेरुळापासून हाकेच्या अंतरावर, एका मालकानं आठ एकरांत इंग्रजांच्या वेळची वसाहत उभी केली आहे. साहेबाचा बंगला, बंगल्यापासून लांब स्वयंपाकघर, धोबीघाट, तबेला, पंपघर, नोकरांच्या खोल्या. शिरूरला पूर्वी छावणी होती. तिकडच्या पाडलेल्या बंगल्यांचे वासे आणि दारं मालकानं गोळा करून आणली. फाटकावर मोठं इंग्रजी नाव आहे, पण आजूबाजूचे लोक गोरेवाडीच म्हणतात. तिकीट काढून आत आलं की पाणक्या पखालीतून पाणी भरताना दिसतो, धोबी दगडावर कपडे आपटतो, साहेब व्हरांड्यात बसून पेपर वाचतो. सगळे पगारी. फाटकाच्या आतल्या बाजूला मराठीत एक ओळ लिहिलेली आहे: 'येथे दिसेल ते घडलेले आहे.'

शांतवन आप्पा तिथले खानसामा. साहेबाच्या स्वयंपाकघराचे मुख्य. मी त्यांच्या हाताखाली.

मी हिंगोलीकडची. नवरा कुरकुंभच्या एमआयडीसीत लागला म्हणून इकडं आले. आठवीत शाळा सुटली, त्यामुळं कुठलाही फॉर्म भरताना 'शिक्षण' या शब्दापुढं माझं पेन थांबतं. गोरेवाडीच्या ऑफिसातही थांबलं. समोरच्या बाकावर पांढरा कोट आणि पितळी बटणं घातलेला एक म्हातारा चहा पीत बसला होता. उंच, वाळका, कान मोठे. तो ऑफिसातल्या पोराला म्हणाला, "पावाला मार्कशीट दाखवावी लागत न्हाई. तिला विचारा, पीठ मळता येतं का."

मी म्हणाले, "भाकरीचं येतं."

"ते अवघड असतंय. पावाचं सोपं हाय. घ्या हिला."

पावाचं सोपं नव्हतं. हे आप्पा मला महिन्याभरानं म्हणाले.

आप्पांची तीस वर्षं दौंडच्या रेल्वेत गेली. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड जिथं जेवून झोपतात त्या रनिंग रूममध्ये ते स्वयंपाकी होते. त्यांचा बापही रेल्वेतच स्वयंपाकी, आणि आजोबा याकोब हे रेल्वेतल्या इंग्रज साहेबांकडं खानसामा. म्हणजे गोरेवाडीतल्या बावीस माणसांत आप्पा एकटेच असे, की ज्यांच्या घरात हे खरोखर घडलेलं होतं. बाकी आम्ही शिकवून तयार केलेले. धोबी झालेला पोरगा पूर्वी मोबाइलच्या दुकानात होता.

आप्पा कोपरापर्यंत हात धुवायचे. दर वेळी. प्रेक्षक असोत नसोत. पीठ आंबवायला ते विकतचं काही वापरत नसत. बटाट्याच्या पाण्यात साखर घालून बरणीत आंबवण ठेवलेलं असायचं. त्या बरणीला ते म्हातारी म्हणायचे. सकाळी आले की पहिला प्रश्न, "म्हातारीला जाग आली का?" फेस आलेला असला की मी म्हणायची, "आली." नसला की ते स्वतः जाऊन बरणीला शाल गुंडाळायचे आणि मला म्हणायचे, "राती थंडी वाजली तिला. तुला वाजली असती तर उठली असतीस का?"

भट्टी तापली की नाही हे बघायला ते चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर फेकायचे आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणायचे. प्रार्थना संपताना मैदा बदामी झाला तर भट्टी बरोबर. आधीच काळा पडला तर थांबायचं. मला त्यांची प्रार्थना येत नव्हती. मी भीत भीत विचारलं, आता मी काय म्हणू?

"तुझं काय पाठ हाय?"

मी विचार केला. देवाचं पाठ होतं, पण ते म्हणताना मधेच अडखळायची. न अडखळता येणारं एकच होतं. "तेराचा पाढा."

"मग तो म्हण. भट्टीला काय, येळेशी मतलब."

दोन-तीन दिवस आम्ही जोडीनं म्हणून पाहिलं. तेराचा पाढा दोनदा म्हटला की त्यांची एक प्रार्थना होते, असं ठरलं. पुढं पाहुणे विचारायचे, ताई, तुम्ही काय पुटपुटता? मी सांगायची, भट्टीचं माप. शाळेतलं एवढंच माझ्या उपयोगाला आलं, आणि ते आप्पांमुळं आलं.

एकदा माझ्या मुलीला ताप होता. शेजारणीकडं ठेवून आले होते. मोबाइल ऑफिसात जमा करायचा नियम, आणि आत सापडला तर घरी पाठवायचे. मी तो पिशवीत गुंडाळून मैद्याच्या डब्यात खोचून ठेवला. अकराला तळेगाव ढमढेरेच्या शाळेची सहल आली. चाळीस पोरं दोरीच्या पलीकडं उभी, आप्पा त्यांना लाकूड कसं रचायचं ते सांगताहेत, आणि डबा वाजायला लागला. चांगलं ढोलकीचं गाणं.

आप्पांनी शांतपणे झाकण उचललं, आत डोकावले, झाकण परत लावलं आणि पोरांकडं वळून म्हणाले, "उंदीर हाय. गाणारा. साहेबानं विलायतेहून आणलाय."

पोरं लोळली. मास्तरही. त्या गोंधळात आप्पा माझ्या कानाशी आले. "डबा घेऊन मागं जा आन् बोलून ये. पोरीला बरं न्हाई न्हवं?"

मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"सकाळधरनं तीनदा पीठ मापलंस. तीनदा चुकलीस. हुशार माणूस एकदा चुकतो."

मला हुशार माणूस म्हणणारे ते पहिले. त्यांना ते आठवतही नसेल.

दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला बसून आम्ही डबे खायचो. ते बाजरीची भाकरी आणायचे, मी ज्वारीची. तिथंच ते आजोबांच्या गोष्टी सांगत. गोष्टी मोठ्या नसत. याकोब केवढा उंच होता, कसा चालायचा, एवढंच. त्यातली एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगत. याकोबकडं एक चिठ्ठी होती. त्या काळी साहेब विलायतेला परत निघाला की नोकराला चिठ्ठी लिहून द्यायचा, हा माणूस कसा आहे म्हणून. नोकर ती पुढच्या साहेबाला दाखवायचा, त्यावर नोकरी मिळायची.

"आमच्या आज्याची चिठ्ठी म्हंजी सोनं," आप्पा सांगायचे. "कुठलाबी साहेब असू दे. चिठ्ठी वाचली की हसायचा. एवढा खूश व्हायचा. आन् लगेच म्हणायचा, जा, स्वयंपाकघरात जा."

"काय लिहिलं होतं त्यात?"

"इंग्रजी हाय. जोडून जोडून लिहिलेलं. बापाला लागलं न्हाई, मला लागत न्हाई. थोरल्या पोराला दाखवलं होतं कॉलेजात असताना, तो म्हणाला अक्षर फार जुनं हाय." मग ते बोटं पुसत म्हणायचे, "पर चांगलंच असणार. त्याशिवाय हसतील का?"

दोन वर्षांनी गौरी मॅडम मॅनेजर म्हणून आल्या. पुण्याच्या. बाई मनानं चांगली होती, पण तिला घाई होती. ती म्हणाली, लोकांना नुसतं बघायला नको असतं, काहीतरी घडायला हवं असतं. म्हणून दर रविवारी 'साहेबाची तपासणी' सुरू झाली. साहेब स्वयंपाकघरात येणार, पावात केस निघाला म्हणून ओरडणार, पाव जमिनीवर फेकणार, खानसामानं तो उचलायचा.

आमचा साहेब म्हणजे न्हावऱ्याचा नितीन. घरचा ऊस, चार म्हशी. पहाटे डेअरीला दूध घालून मोटरसायकलवर यायचा, साहेबी सोला टोपी हँडलला अडकवून. गोरा होता, घारा होता, तेवढ्यावर साहेब झाला. तपासणीच्या आधी तो दर रविवारी आप्पांच्या पाया पडायचा.

"आप्पा, आज जरा जोरात फेकतो. मॅडमनं सांगितलंय."

"फेक बाबा. पर डाव्या अंगाला फेक, उजवीकडं राख हाय."

आप्पांना पाव फेकण्याचं काही वाटत नव्हतं. "फेकत असतील," म्हणायचे. "रनिंग रूमला ड्रायव्हरबी फेकायचे. उपाशी माणसापुढं करपलेला पाव ठेवला तर त्यो काय ओवाळणार हाय?"

रविवारची गर्दी वाढली. लोक हसायचे, व्हिडिओ काढायचे. मग मॅडमनी एक गोष्ट वाढवली. पाव उचलल्यावर खानसामानं दोन्ही कान धरायचे आणि पाच उठाबशा काढायच्या.

आप्पा म्हणाले, "हे न्हाई."

"आप्पा, गुडघे दुखतात का? मग नुसते कान धरा."

"गुडघ्याचं न्हाई मॅडम. माझा आजा कान धरत नव्हता. झालं न्हाई ते दाखवायचं न्हाई, हे तुम्हीच फाटकावर लिहिलंय."

"दुसरे धरत असतील."

"दुसऱ्याचं दुसऱ्याला विचारा. ह्या कोटात मी याकोब असतो."

नितीन मधे बोलला, "मॅडम, मी आप्पांना कान धरायला लावला तर न्हावऱ्यात माझी आज्जी मला घरात घेणार न्हाई. तिनं व्हिडिओ बघितला तर मेलोच." मॅडम हसल्या, पण ऐकलं नाही. मालकांनी मान्य केलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही म्हणता तसं असेल तर काहीतरी कागद आणा. तुमच्या आजोबांना मान होता, असं दाखवणारं काहीतरी. मी मालकांपुढं ठेवते. नाहीतर रविवारपुरता दुसरा खानसामा बघावा लागेल."

आप्पांचा चेहरा उजळला. "कागद ना? हाय की."

दुसऱ्या दिवशी ते बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. ऑफिसात मला सोबत नेलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. कौतुक ऐकायला कोणीतरी लागतं, म्हणून असेल. डब्यात फडकं, फडक्यात पिवळा कागद, घडीवर फाटत आलेला. मॅडमनी तो उलगडला. त्या वाचायला लागल्या आणि थांबल्या. पुन्हा वरपासून वाचलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "चालेल आप्पा. मी मालकांशी बोलते."

"मोठ्यानं वाचा की. हिलाबी ऐकू द्या."

"नंतर वाचू. पाव उत्तम करतो असं लिहिलंय."

"आन् पुढं?"

"तेच सगळं."

"मॅडम, चार ओळी हायत. पाव उत्तम, एवढं सांगाय चार ओळी लागतात व्हय?"

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मी जमिनीकडं. मग त्यांनी एकेक वाक्य मराठीत सांगितलं, हळूहळू, पोराला औषध पाजावं तसं. याकोब माझ्याकडे तीन वर्षे होता. याच्या हातचा पाव अख्ख्या रेल्वेत मिळणार नाही. याला जरूर ठेवून घ्यावे, मात्र रोज रात्री चांदीचे चमचे मोजावेत. मी मोजले नाहीत.

आप्पांनी हात पुढं केला. कागद घेतला, जुन्याच घड्यांवर दुमडला, फडक्यात ठेवला, डबा बंद केला. "भट्टी लावलेली हाय," म्हणाले आणि बाहेर पडले. त्या दिवशी पाव चांगले झाले. पाहुण्यांशी ते नेहमीसारखं बोलले. साडेपाचला अंगठा टेकवून गेले, आणि पुढचे तीन दिवस आले नाहीत.

तीन दिवस भट्टी मी एकटीनं चालवली. पहिल्या दिवशी अकरा पाव करपवले. दोरीच्या पलीकडं माणसं उभी आणि मी पाढा म्हणतेय. तिसऱ्या दिवशी एकही करपला नाही. आनंद व्हायला हवा होता. मला वाटत होतं, हे मला जमलं तर आप्पांना परत बोलावणार नाहीत.

चौथ्या दिवशी ते आले. कोट घातला, कोपरापर्यंत हात धुतले, म्हातारीची चौकशी केली. मग म्हणाले, "थोरल्यानं वाचलं होतं. कॉलेजात असतानाच. मला बोलला न्हाई." थोड्या वेळानं, "चांगला पोरगा हाय."

दुपारी मॅडम स्वतः स्वयंपाकघरात आल्या. आप्पांनी डबा त्यांच्यापुढं ठेवला.

"हे भिंतीला लावा. काचेत. शेजारी मराठीत पाटी. सगळ्या ओळी. वर नाव: याकोब."

"आप्पा, कशाला? लोक हसतील."

"साहेब लोक आधीच हसून गेलेत. आमच्या आज्याला ते हसू आशीर्वाद वाटायचं." मग ते स्टुलावर बसले. "आन् तुमचा पुरावाबी त्यातच हाय. साहेबानं पाव लिहिला. चमचे लिहिले. आपली चूक झाली, तीबी लिहिली. एवढं सगळं लिहिणारा माणूस, याकोबनं कान धरून उठाबशा काढल्या असत्या तर ते सोडलं असतं व्हय? न्हाई लिहिलं. म्हंजी न्हाई काढल्या."

मॅडमनी पदर नसताना पदर सावरावा तशी ओढणी सारखी केली. "बरोबर आहे," म्हणाल्या.

रविवारी नितीननं पाव डाव्या अंगाला फेकला, आप्पांनी उचलला, तपासणी संपली. कान धरण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. भट्टीच्या उजव्या भिंतीवर काच लागली. खाली पाटी, वर नाव. आप्पा त्याकडं बघायचे नाहीत. त्याच्या खालून लाकडं उचलायचे.

वर्षभरानं त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी भट्टीसमोर उभं राहायला मनाई केली. जाताना त्यांनी पितळी बटणांचा कोट मॅडमच्या हातात दिला आणि मला सांगितलं, "भिऊ नगं. भ्यालेल्या माणसाचा पाव बसतो." त्यांच्या जागी दुसरा खानसामा आला नाही. भट्टी माझ्याकडं आली.

नंतर मॅडमही पुण्याला परत गेल्या. मालकांनी फाटकाजवळ पाव विकायचं दुकान काढलं, आणि एका सोमवारी येऊन बघते तर भिंतीवरची मराठी पाटी बदललेली. नवी पाटी मोठी, रंगीत. 'याच्या हातचा पाव अख्ख्या रेल्वेत मिळणार नाही.' एवढंच. नाव नाही, चमचे नाहीत. काचेतला कागद तसाच होता, पण ते अक्षर कोण वाचतो? दुकानातल्या पिशव्यांवरही तेच वाक्य छापलं. मी काही बोलले नाही. कोणाला बोलणार, आणि आठवी सुटलेल्या बाईनं पाटीबद्दल काय बोलायचं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे नोकरीची भीती वाटली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आप्पा आले. तिकीट काढून. शर्ट-पँट, काळा चष्मा, हाताला नात, एस्तेर नावाची, पाचवीतली. दोरीच्या पलीकडं पंधरा-वीस लोकांत उभे राहिले. मला बघून मान हलवली. मी पाव काढत होते, हातातल्या लाकडी फळ्यावरचा एक निसटून खाली पडला.

पाटीकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. नातीला पुढं काढलं आणि काचेकडं बोट केलं.

"हे वाच."

"पाटी?"

"पाटी न्हाई. कागद."

पोरगी इंग्रजी शाळेतली. डोळे बारीक करून, एकेक शब्द सोडवत वाचायला लागली. मराठीत सांग म्हटल्यावर मराठीत सांगितलं. याकोब. तीन वर्षं. पाव. तिथं ती थांबली आणि आजोबांकडं बघितलं. तिला पुढचं कळलं होतं.

"थांबू नगं. सगळं वाच. मोठ्यानं."

तिनं वाचलं. चमचे, आणि मी मोजले नाहीत. लोक हसले. आप्पा हसू संपेपर्यंत थांबले. गॉगल डोक्यावर चढवलेला एक पाहुणा मला म्हणाला, "म्हणजे चोर होता का हो हा?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आप्पा मागून म्हणाले, "काय माहीत. साहेबाला लिहिता येत होतं, त्यानं लिहून ठिवलं. याकोबला लिहिता येत नव्हतं."

गर्दी पंपघराकडं सरकली. मी पावाचे तुकडे केलेलं ताट पुढं केलं, सगळ्यांना करतो तसं. आप्पांनी एक तुकडा पोरीला दिला, एक स्वतः घेतला, चावून चावून खाल्ला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले, आणि पोरीचा हात धरून धोबीघाटाच्या बाजूला गेले.

मी एक तुकडा तोंडात टाकला. कमीच होतं.